शिळी आधी

आमच्या घरात देवापुढचा दिवा एखाद्या दिवशी लावायचा राहून गेला असेल, पण एक नियम कधी मोडला नाही. कालची भाकरी संपल्याशिवाय आजच्या भाकरीला हात लावायचा नाही. "शिळी आदी," असं आई म्हणायची. हे दोन शब्द तिनं इतक्या वेळा उच्चारले की तिची आठवण आली की आधी तेच कानात येतात. नियम सगळ्या घराला लागू आहे असं ती सांगे. प्रत्यक्षात तो तिच्या एकटीसाठी होता, कारण शिळी खायची वेळ आली की ती टोपली आपल्याकडे ओढून घ्यायची. वडिलांना गिरणीत दिवसभर उभं राहायचं, मला शाळेत डोकं चालवायचं, म्हणून आम्हांला ताजी. शिवाय रोज एकदोन भाकऱ्या ती जास्तच थापायची, न जाणो दारात कुणी आलं तर. बहुधा कुणी येत नसे. त्या भाकऱ्या दुसऱ्या दिवशी तिच्या वाट्याला येत आणि तोवर त्या दिवशीच्या नव्या उरलेल्या असत. आम्ही आज जेवत होतो आणि आई एक दिवस मागं जेवत होती, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

सोलापुरात कापडगिरणीच्या मागच्या अंगाला एका चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. वडील गिरणीत मागावर होते. त्यांना मी आण्णा म्हणत असे. आई मंगळवेढ्याकडची, काळ्या रानातली. तिकडं ज्वारी उत्तम येते, पण ती यायची की नाही हे आभाळ ठरवतं, त्यामुळं भरल्या कणगीशेजारी बसूनही तिकडची माणसं हात राखून वाढतात. आईनं तीच रीत शहरात आणली. सकाळी काडी ओढायची नाही. शेजारच्या विणकरांच्या घरी चूल आधी पेटे, ती मंडळी तेलुगू बोलत, आईला त्यातलं ओ का ठो कळत नसे, पण गोवरीचा तुकडा पुढं केला की त्यावर निखारा पडायचा. लुगडं विरलं की त्याचा माझा परकर, परकर विरला की वाकळेचा थर, वाकळ फाटली की भांडं उतरवायचं फडकं आणि फडक्याचं शेवटी पोतेरं. पोतेऱ्याचं पुढं काय करावं हे मात्र तिलाही सुचलं नव्हतं. मला या सगळ्याची लाज वाटत नव्हती आणि कौतुकही नव्हतं. चाळीत सगळ्यांचं असंच चालायचं, आईचं जरा जास्त.

तरी ती कंजूष नव्हती. संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. त्या दिवशी आईचा हात सुटा होई. प्रत्येकानं मनातली एक गोष्ट करायची आणि त्यावर घरी येऊन कुरकुर करायची नाही, असा तिचा कायदा होता. मी एका वर्षी हातभर बांगड्या भरल्या, एका वर्षी तंबूतला सिनेमा पाहिला. त्यातली माणसं भराभर चालत होती एवढंच आता आठवतं. वडील बराच वेळ विचार करत फिरत आणि शेवटी भजी खात. आईला विचारलं तर म्हणे, मी बघितलं की सगळं. तिची हौस बघण्यावर भागते, असं आम्ही धरून चाललो होतो. ते आम्हांला सोयीचंही होतं.

वडिलांची खरी चैन वर्षभर चालायची. दुपारचा भोंगा झाला की ते केसांत कापसाची तूस घेऊन घरी येत, हातपाय धुऊन पाटावर बसत, आणि मग आई पहिली भाकरी तव्यावर टाकी. वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, तव्यावरून काढून निखाऱ्याशी उभी करायची, ती टम्म फुगली की राख झटकून थेट त्यांच्या ताटात. शेंगांची चटणी, तिच्यावर करडईचं तेल, आणि वाफ जायच्या आत पहिला घास. त्या वेळी वडील कुणाशी बोलत नसत. विडी नाही, तंबाखू नाही, हॉटेलातला चहा नाही, पण भाकरी तव्यावरची. भाकरी ताटात पडायला उशीर झाला तर ते रागावत नसत, नुसते चुलीकडं बघत बसत, आणि त्यानं आई जास्त घाई करी. या चैनीला काही लागत न्हाय, असं आई अभिमानानं सांगायची. लागत होता तो धूर, आणि तो कुणी मोजत नव्हतं. तुराट्या, गोवऱ्या, शेंगांची टरफलं, जे फुकट किंवा फुकटासारखं मिळेल ते ती चुलीत घालायची. ओली टरफलं पेटली की आमच्या खोलीतून समोरची भिंत दिसत नसे.

आईचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, होटगीला रेल्वेत सांधेवाला होता, गाड्यांसाठी रूळ बदलणारा. दोघं एका आईची लेकरं आहेत हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं. स्टेशनापासून आमचं घर चालत येण्याजोगं असून तो टांग्यानं यायचा आणि टांगेवाल्याशी घासाघीस न करता उतरायचा, हे आईला दारातून बघवत नसे. एका भाऊबीजेला त्यानं ओवाळणीच्या ताटात पितळी स्टोव्ह ठेवला. "आक्का, धूर खाऊन म्हातारी व्हशील," म्हणाला. आई खूश झाली होती. स्टोव्ह तिनं राखेनं घासून असा लखलखीत केला की त्यात तोंड दिसावं, जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि फळीवर ठेवून दिला. मामा आला की तो खाली यायचा, चहा व्हायचा, मामा गेला की पुन्हा फळीवर. पुढं मामाची बदली लांब, वाडी स्टेशनाला झाली आणि स्टोव्हचं खाली येणं थांबलं. खंडेनवमीला मात्र तो विसरला जात नसे. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा असायची, आणि वडिलांची मागावरची कात्री, विळी, पाटावरवंटा यांच्या ओळीत स्टोव्हही बसे. त्याला हळदकुंकू लागे, झेंडूचं फूल मिळे. पेटवावा असं कुणाच्या मनात येत नसे.

मी मराठी सातवीत गेले त्या वर्षी आईचे डोळे बिघडले. आधी नुसतं पाणी यायचं. मग कडा लाल झाल्या, मग तांदळातले खडे तिला दिसेनात, आणि एके दिवशी तिनं मला दारातून ओळखलं नाही, शेजारीण समजून मला बस म्हणाली. वडील तिला दवाखान्यात घेऊन गेले, मीही बरोबर होते. डॉक्टरांनी पापण्या उलटून पाहिल्या, औषध दिलं आणि सांगितलं की पुढचा पावसाळा संपेपर्यंत धुरासमोर बसायचं नाही, नाहीतर आहे तेवढंही दिसायचं नाही. आईनं विचारलं, मग चूल कुणी पेटवायची? डॉक्टर म्हणाले, ते बाई तुमचं तुम्ही बघा.

ते बघायला चाळीतल्या कुणाला वेळ लागला नाही. घरात मोठी मुलगी आहे, मग प्रश्न कसला? सातवीची परीक्षा पास झाले तर मला मुलींच्या शाळेत शिकवायला मिळण्याजोगं होतं, आमच्या चाळीतून तिथवर पोचलेली मी एकटीच होते, पण याचं वजन शेजारणींना फारसं वाटण्याचं कारण नव्हतं. वडील शाळेच्या विरुद्ध नव्हते. तरी त्या संध्याकाळी तेच म्हणाले, वरीसभर घरी राहू दे, मग पुन्हा जाईल. पुन्हा गेलेली मुलगी आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती. मला आईच्या डोळ्यांची काळजी होती, नाही असं नाही, पण त्या संध्याकाळी मी कोपऱ्यात बसून रडले ते शाळेसाठी.

आईनं फळीकडं मान वळवली. मग म्हणाली, "सहा वर्सं आधण ठिवलंय. आता उकळी यायच्या टायमाला उतरवता व्हय? स्टो काढा खाली."

वडिलांनी तिच्याकडं पाहिलं. स्टोव्ह म्हणजे रोजचं रॉकेल, आणि आई चिमणीची वातसुद्धा बोटभर खाली ठेवणारी. पण तिला शाळेचं कौतुक विद्येसाठी नव्हतंच. सुरू केलेली वस्तू अर्धी टाकायची हे तिच्या लेखी वाया घालवणं होतं, आणि वाया घालवण्यापेक्षा खर्च बरा, एवढं तिला कळत होतं.

स्टोव्ह खाली आला. लुगडं सोडलं तर आत सोन्यासारखा. वडिलांनी रॉकेल भरलं, पंप मारायला घेतला, तर पंप नुसता मागंपुढं. हवा भरेचना. त्यांनी तो खोलला. आतली चामड्याची चकती वाळून बोरासारखी सुरकुतली होती. इतके दसरे स्टोव्हला फूल मिळालं होतं, चकतीला तेलाचा थेंब कुणी दिला नव्हता. वडील म्हणाले, रोज वापरला असता तर टिकला असता. आई म्हणाली, रोज वापरला असता तर झिजला असता. हा वाद त्यांच्यात कायमचा राहिला. चकती करडईच्या तेलात मुरत ठेवली, ती मऊ झाली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीत स्टोव्ह पेटला. त्याच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. आईनं घरातली चूल शेणानं सारवून घेतली, तिच्यावर रांगोळीची एक रेघ ओढली, आणि मी शाळेत गेले.

आमटी, भात, चहा हे स्टोव्हवर चांगलं व्हायचं. भाकरीचं मात्र जमेना. मधोमध करपायची, कडा कच्च्या राहायच्या, फुगवायला निखारा नाही, आणि घासाघासाला रॉकेलचा वास. वडिलांना विचारलं तर म्हणत, बरी हाय की. पण ते खोटं बोलण्यात कच्चे होते. एके दुपारी त्यांनी ताटात अर्धी भाकरी टाकली. जन्मात त्यांनी असं केलं नव्हतं. ती अर्धी आईनं टोपलीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी आपण खाल्ली.

पुढं काही दिवसांनी भाकरी सुधारली. वडील पोटभर जेवू लागले. आई म्हणाली, स्टोवर हात बसला आता. वडिलांनी मान डोलावली. चव आल्याचा त्यांना आनंद होता, ती कुठून आली हे विचारायची त्यांना सवय नव्हती. घरातली चूल सारवलेलीच होती, रांगोळीची रेघ रोज ताजी. आईचे डोळे मात्र पुन्हा लाल दिसू लागले. औषध लागू पडत नाही, असं आम्ही म्हणत होतो. दुसरा दवाखाना बघू, असंही वडील एकदोनदा म्हणाले.

एके संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. दुपारच्या भाकऱ्या वडिलांच्या आणि माझ्या ताटात, आई टोपलीतली कालची घेऊन. माझ्या दाताखाली कचकन् काहीतरी आलं. मी भाकरी दिव्याजवळ धरली. कडेला राख चिकटलेली होती, आणि तिच्या वर करंगळीच्या नखाएवढा काळा डाग, निखाऱ्याला टेकल्याचा. असा डाग स्टोव्हवर पडत नाही. आमच्यासारख्या घरात हे लहान पोरालाही सांगावं लागलं नसतं.

मी म्हटलं, "आण्णा, भाकरीला राख हाय."

वडिलांनी माझ्या हातातली भाकरी घेतली, उलटून पाहिली, मग आपली पाहिली. आई खाली मान घालून शिळी कुसकरत होती. चाळीच्या मागं अंघोळीचं पाणी तापवायची सगळ्यांची एक चूल होती. मी शाळेत गेले आणि बायका कामाला पांगल्या की दुपारच्या भोंग्याआधी आई तिथं जात होती. भाकऱ्या भाजून, फडक्यात गुंडाळून घरी आणायच्या, आणि भोंगा झाला की स्टोव्ह पेटवून ठेवायचा, म्हणजे वडिलांच्या कानांवर त्याचा आवाज पडावा. हे सगळं तिनं विचारल्यावर सरळ सांगितलं, लपवायचं कारण संपल्यासारखं. वडिलांनी एवढंच विचारलं की का. ती म्हणाली, "तुमाला दुसरं काय लागतंय? तेवढं एक."

मी म्हटलं की उद्यापासून मी शाळेत जाणार नाही. हे मी रागानं म्हटलं. राग आईचा होता, वडिलांचा होता आणि त्या भाकरीचा सगळ्यांत जास्त होता. आई म्हणाली, गप जेव. वडिलांनी उरलेली भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, ताट धुतलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. ते काय ठरवतील याची मला धास्ती होती. शाळा बंद करणं हाच घरातला सगळ्यांत स्वस्त उपाय होता, आणि आमच्या घरात स्वस्त उपाय सहसा जिंकत.

सकाळी मला जाग आली ती धुरानं. मी धडपडत उठले, कारण मला वाटलं आईच चुलीपाशी बसली आहे. चुलीपुढं वडील बसले होते. रांगोळीची रेघ पुसली होती, तुराट्या पेटल्या होत्या, आणि ते काठवटीत पीठ मळत होते. लग्नाआधी ते गावच्या तीनचार माणसांबरोबर एका खोलीत राहत आणि पाळीपाळीनं भाकऱ्या थापत, हे मी ऐकून होते. तो हात अजून त्यांना आठवत होता, पण सगळा नाही. त्यांच्या एकाही भाकरीला गोल म्हणता आलं नसतं. आईला त्यांनी बाहेर ओट्यावर, वाऱ्याच्या अंगाला बसवलं होतं. ती तिथून ओरडून सांगत होती, पाणी जरा कमी, जाळ मागं ओढा, आता उलटा. त्यांना त्यातलं निम्मं ऐकू येत नव्हतं आणि निम्मं ते ऐकत नव्हते. शेजारच्या घरातून दोन बायका बघायला आल्या, तोंडाला पदर लावून तेलुगूत काहीतरी बोलल्या आणि हसल्या. वडिलांचे कान लाल झाले, पण ते उठले नाहीत.

पुढचं इथंच सांगून टाकते. तो पावसाळा संपेपर्यंत भाकऱ्या वडिलांनी केल्या, सकाळच्या भोंग्याच्या आधी, दिवसभराच्या एकदम. बाकीचा स्वयंपाक आईनं स्टोव्हवर केला. त्यामुळं दुपारी वडिलांच्या ताटात येई ती सकाळची गार भाकरी. तव्यावरची त्यांना त्या वर्षात मिळाली नाही, आणि त्यांनी ती मागितलीही नाही. आईचा डावा डोळा अधूच राहिला, उजवा वाचला. मी परीक्षा पास झाले आणि पुढं मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. स्टोव्ह रोज वापरात आला आणि बरीच वर्षं टिकला. यावरून आपला मुद्दा सिद्ध झाला असं वडिलांना वाटायचं. आई म्हणायची, दसऱ्याचं फूल चुकवलं न्हाय म्हणून टिकला.

पण मला सांगायची आहे ती पहिली सकाळ. पहिली भाकरी वडिलांनी निखाऱ्याशी उभी केली. ती एका बाजूनं फुगली, एका बाजूनं रुसून राहिली. ती त्यांनी झटकून ताटलीत घातली, वर चटणी ठेवली, तेलाची धार सोडली, ती आईनं सोडली असती त्याच्यापेक्षा बरीच मोठी, आणि ताटली घेऊन ओट्यावर आले. हातांना कोपरापर्यंत पीठ. त्यांनी ताटली आईसमोर ठेवली.

आईनं भाकरीवर हात धरून पाहिला. वाफ हाताला लागली असावी. तिनं ताटली तशीच बाजूला सारली आणि म्हणाली, "टोपलीत ठिवा ही. शिळी आना आदी."

"शिळी म्या खाल्ली," वडील म्हणाले.

ती त्यांच्याकडं बघत राहिली. तिला त्या दिवसांत माणूस नीट दिसत नसे, त्यामुळं ती काय बघत होती मला सांगता येणार नाही. मग तिनं तुकडा मोडला. हातानं निखारे सारणारी ही बाई, पण तोंडात घातल्यावर तिचं तोंड पोळलं. घास इकडून तिकडं फिरवायचा, तोंड उघडून वाफ बाहेर सोडायची, हे तिला ठाऊक नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं टिपलं आणि घास गिळला.

"गरम आशी लागती व्हय," ती म्हणाली.